शेतात डोळ्याला लागलं तर: भक्तपूरच्या संशोधनावर सतत येणारे प्रश्न

उसाची तोडणी सुरू झाली की माझ्या फोनवर डोळ्यांचे फोटो यायला लागतात. लाल डोळा, बुबुळावर पांढरा ठिपका आणि खाली एकच ओळ, "ताई, कुठला ड्रॉप घालू?" मी नेत्र चिकित्सा अधिकारी आहे, म्हणजे डॉक्टर नाही, पॅरामेडिकल स्टाफ. आशाताई आणि सिस्टर लोकांच्या ट्रेनिंगमध्ये मी नेपाळच्या डॉ. मदन उपाध्याय यांचं भक्तपूरचं काम सांगते, आणि सांगून झालं की दरवेळी साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

१. भक्तपूरचा अभ्यास म्हणजे नेमकं काय?

भक्तपूर हा काठमांडूच्या शेजारचा जिल्हा, बराचसा शेतीवर जगणारा. तिथल्या 34,902 लोकांवर सलग 2 वर्षं लक्ष ठेवलं, आणि ते ठेवलं कुणी तर 81 प्राथमिक नेत्र कार्यकर्त्यांनी, म्हणजे गावातच राहणाऱ्या, थोडं ट्रेनिंग घेतलेल्या माणसांनी. कुणाच्या डोळ्याला लागलं की त्याला जवळच्या 3 केंद्रांपैकी एकात पाठवायचं, तिथे डोळ्यांचे डॉक्टर तपासणार, आणि बुबुळावर खरचटलं असेल तर 1 टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून 3 वेळा, 3 दिवस. बस, एवढंच. ना ऑपरेशन, ना महागडं औषध.

त्या 2 वर्षांत डोळ्याला मार लागल्याच्या 1,248 केसेस नोंदल्या गेल्या, त्यात बुबुळ खरचटल्याच्या 551. यातल्या 442 जणांना 48 तासांच्या आत मलम सुरू झालं आणि 424 जणांचा डोळा इन्फेक्शन न होता बरा झाला, म्हणजे 96 टक्के. हा पेपर 2001 साली ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीमध्ये आला. त्यातला खरा गाभा तासांच्या हिशोबात आहे, तो प्रश्न ५ मध्ये सांगितलाय.

२. डॉ. उपाध्याय एकटेच होते का यात?

नाही. ते नेपाळचे नेत्रतज्ज्ञ, काठमांडूच्या बी. पी. कोइराला लायन्स नेत्र अभ्यास केंद्राच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. त्यांच्या बरोबरीने दोन नावं सतत दिसतात, सॅन फ्रान्सिस्कोचे जॉन व्हिचर आणि मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचे डॉ. एम. श्रीनिवासन. भक्तपूरच्या आधी, 1991 साली, उपाध्याय यांच्या टीमने काठमांडूला बुबुळाच्या इन्फेक्शनचे 405 पेशंट तपासले होते, आणि सगळ्यात मोठं कारण निघालं डोळ्याला झालेली साधी जखम. मला यातला क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी हॉस्पिटलात बसून पेशंट मोजले, कारण सापडलं, आणि मग कारण जिथे घडतं तिथे, शेताच्या बांधावर गेले. बहुतेक संशोधन पहिल्या पायरीवरच थांबतं.

2001 मध्येच या तिघांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये लिहिलं की जखम आणि बुबुळाचा अल्सर यामुळे जगात दरवर्षी 15 ते 20 लाख लोकांचा एक डोळा जातो. एक डोळा गेलेला माणूस आंधळ्यांच्या सरकारी यादीत येत नाही, दुसऱ्या डोळ्याने दिसतं ना, म्हणून हे कुठे मोजलंच जात नव्हतं.

३. खरचटणं, अल्सर आणि फूल पडणं हे एकच ना?

एकच नाही, पण एकामागून एक येऊ शकणाऱ्या तीन पायऱ्या आहेत. बुबुळावर काचेसारखा स्वच्छ पडदा असतो. त्याचं वरचं पातळ आवरण पात्याने किंवा कुसळाने निघालं तर ते खरचटणं. खूप खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही, पण जंतू शिरले नाहीत तर ते आवरण एक-दोन दिवसांत आपोआप भरून येतं आणि मागे डागही राहत नाही. त्या उघड्या जागेतून जंतू किंवा बुरशी आत शिरली की पडदा कुजायला लागतो, तो अल्सर, त्यावेळी पांढरट-पिवळट ठिपका दिसतो. आणि अल्सर बरा झाल्यावर जो पांढरा वण कायमचा राहतो त्याला आपण फूल पडलं म्हणतो. फूल बुबुळाच्या कडेला असेल तर निभावतं, मधोमध असेल तर नजर गेली, मग नेत्ररोपणाची वाट बघत बसायचं.

भक्तपूरची सगळी धडपड पहिल्या पायरीवरच माणूस पकडण्याची होती.

४. पॅरामेडिक म्हणजे ॲम्ब्युलन्समधले लोक ना? त्यांचा डोळ्यांशी काय संबंध?

आपल्याकडे पॅरामेडिक म्हटलं की 108 च डोळ्यासमोर येते. पण डॉक्टर नसलेला आणि तरी पेशंटला हात लावणारा प्रत्येक ट्रेन्ड माणूस त्यात येतो, नेत्र सहाय्यक, सिस्टर, आरोग्य सेवक, गावातला कार्यकर्ता. भारतात 1976 साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात पॅरामेडिकल नेत्र सहाय्यक हे पद धरलं होतं, आम्ही त्यातलेच. डोळ्याच्या जखमेत पेशंटला पहिल्यांदा बघणारा माणूस जवळजवळ कधीच नेत्रतज्ज्ञ नसतो, त्यामुळे हे सगळं संशोधन म्हणजे खरं तर आमच्याच कामावरचं संशोधन आहे, आणि म्हणूनच मला ते इतकं जवळचं वाटतं.

५. ते 18 तासांचं काय आहे? 19 तास झाले तर डोळा गेला का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, तर नीट बघूया. त्या 442 लोकांपैकी 284 जणांना लागल्यापासून 18 तासांच्या आत मलम मिळालं, त्यातल्या एकालाही अल्सर झाला नाही. एकालाही नाही. 18 ते 24 तासांत आलेले 109, त्यातल्या 4 जणांना इन्फेक्शन झालं, म्हणजे 3.7 टक्के. आणि 24 ते 48 तासांत आलेले 49, त्यातल्या 14 जणांना, म्हणजे 28.6 टक्के. एका दिवसाच्या उशिराने शून्यावरून साधारण साडेतीनात एक.

19 व्या तासाला काही दार बंद होत नाही, उशीर झाला म्हणून जायचंच नाही असं अजिबात करू नका. पण सकाळी 8 ला पात लागलं तर 18 तास म्हणजे रात्रीचे 2, आणि आपल्याकडे माणूस म्हणतो "उद्या बघू". तो उद्या म्हणजे थेट धोक्याच्या रकान्यात.

ऊसतोडणीच्या एका टोळीतली बाई मला आठवते, पहाटे मोळी गाडीत टाकताना पाचट डोळ्यात गेलं. तोडणीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, एकजण बसला की दोघांचा खाडा, आणि उचल, म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे, ते तर फिटायचे असतातच. तिने पदर बांधून तीन दिवस तोडणी केली. माझ्याकडे आली तेव्हा बुबुळाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. तिला 18 तास माहीत असते तरी ती आली असती का, मला खात्री नाही, पण निदान मुकादमाला तरी माहीत असायला हवं होतं.

६. गावात मशीन नसताना खरचटलंय हे कळणार कसं?

फ्लुरोसिन नावाचा केशरी रंगाचा कागदी पट्टीचा तुकडा असतो, काही रुपयांत मिळतो. स्वच्छ सलाईनचा थेंब टाकून तो खालच्या पापणीच्या आत हळूच टेकवायचा, पेशंटला दोन-चार वेळा डोळे मिटायला सांगायचं, आणि अंधाऱ्या खोलीत निळ्या प्रकाशाच्या टॉर्चने बघायचं. बुबुळाचं आवरण शाबूत असेल तर काही दिसत नाही, खरचटलं असेल तर बरोब्बर तेवढीच जागा पोपटी हिरवी चमकते. पात्याने ओढलेली रेघ असेल तर रेघच दिसते. पहिल्यांदा बघणारी सिस्टर दरवेळी "अगंबाई" म्हणते. पट्टी एका पेशंटला एक, उरलेली दुसऱ्याला वापरायची नाही.

७. क्लोरॅम्फेनिकॉलच का? ते तर जुनं औषध, आणि त्याने रक्ताचा आजार होतो म्हणतात.

जुनं आहे, स्वस्त आहे, बऱ्याच प्रकारच्या जंतूंवर चालतं, आणि मलम असल्याने थेंबासारखं लगेच वाहून जात नाही, म्हणून दिवसातून 3 वेळा पुरतं. शेतात काम करणाऱ्या माणसाला दर तासाला थेंब घाल म्हणून सांगण्यात अर्थ नसतो.

रक्ताच्या आजाराची भीती निराधार नाही. गोळ्या आणि इंजेक्शनच्या बाबतीत हाडांतला मगज काम करायचा बंद होणं हा दुर्मिळ पण जीवघेणा परिणाम माहितीचा आहे. डोळ्यात घालायच्या औषधाने असं झाल्याच्या केसेस अगदीच तुरळक, ब्रिटनमध्ये तर 2005 पासून याचे थेंब चिठ्ठीशिवाय मिळतात. तरी पेशंटला किंवा घरात कुणाला असा रक्ताचा आजार झालेला असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं, ते दुसरं मलम देतील. आपल्याकडे हे चिठ्ठीवरचंच औषध आहे, प्रश्न १४ पण वाचा.

८. आपल्याकडे तर बुरशीचं इन्फेक्शन जास्त असतं, मग अँटिबायोटिकचा काय उपयोग?

फार चांगला प्रश्न, आणि हाच प्रश्न त्या मंडळींना पण पडला होता. श्रीनिवासन यांच्या 1997 च्या मदुराईच्या अभ्यासात अल्सरचे 434 पेशंट होते, त्यातल्या 284 जणांना आधी डोळ्याला लागलेलं होतं, आणि ज्यांच्या बुबुळावरून घेतलेल्या नमुन्यात लॅबमध्ये काही उगवलं त्यात जंतू 47.1 टक्के आणि बुरशी 46.8 टक्के, म्हणजे जवळपास बरोबरीत. बुरशीत सगळ्यात जास्त फ्युझेरियम, जी माती आणि पिकांवर सगळीकडे असते.

म्हणून मदुराई जिल्ह्यात 48,039 लोकांमध्ये 18 महिने पुढचा प्रयोग केला, 2006 साली छापला. 15 ग्राम आरोग्य सेवक, आणि इथे तपासून मलम देणारे तेच. निम्म्यांना क्लोरॅम्फेनिकॉल आणि बुरशीवरचं क्लोट्रिमाझोल, निम्म्यांना क्लोरॅम्फेनिकॉल आणि दुसरं नुसतंच बिनऔषधाचं मलम. खरचटलेल्या 374 पैकी 368 डोळे काही त्रास न होता बरे झाले, दोन्ही गटांत. म्हणजे बुरशीवरचं औषध घातलं काय नि नाही काय, वेळेवर मलम मिळालेल्यांचं चांगलंच झालं. असेच प्रयोग भूतान आणि ब्रह्मदेशातही झाले.

एवढ्यावरून "अँटिबायोटिक मलमाने बुरशी मरते" असं मात्र कुणी सांगू नका. एकदा बुरशीचा अल्सर झाला की त्याला वेगळंच औषध लागतं, प्रश्न ११ बघा.

९. मेडिकलवाल्याने दिलेल्या ड्रॉपने लाली एका रात्रीत गेली, मग त्यात वाईट काय?

बाटलीवरचं नाव वाचा किंवा मला फोटो पाठवा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यातलं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने लाली आणि दुखणं दोन्ही झटकन कमी होतं कारण ते शरीराची लढाईच थांबवतं, आणि आत बुरशी असेल तर तिला रान मोकळं. पेशंट खूश, मेडिकलवाला खूश आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बुबुळ पांढरं. माझ्याकडे आलेल्या वाईटातल्या वाईट डोळ्यांपैकी बऱ्याच जणांच्या पिशवीत असलीच बाटली निघाली आहे.

काही जण म्हणतात, हॉस्पिटलात पण अल्सरला स्टेरॉइड देतात की. देतात कधी कधी, पण जंतू कुठला ते तपासून आणि आधी अँटिबायोटिक चालू करून. त्यावर श्रीनिवासन यांच्याच टीमने 500 पेशंटचा मोठा अभ्यास केला, 2012 साली आला, त्यात बुरशीचे पेशंट मुळात घेतलेच नव्हते आणि 48 तास अँटिबायोटिक दिल्यावरच स्टेरॉइड सुरू केलं. एवढी काळजी घेऊनही 3 महिन्यांनी सरसकट सगळ्यांच्या नजरेत फरक दिसला नाही. मग काउंटरवरून बघून दिलेल्या ड्रॉपचं काय बोलायचं.

१०. आजी म्हणते आईचं दूध घाल, एरंडेल घाल, जिभेने कण काढ. खरंच इतकं वाईट आहे का?

आजीचं प्रेम खरं आहे, पण खरचटलेल्या बुबुळाला हे चालत नाही. दूध म्हणजे जंतूंचं खाद्य, तेल-मध निर्जंतुक नसतं, आणि तोंडातले जंतू तर थेट जखमेवर जातात. पदराचा बोळा फुंकून शेकायची सवय आहे ना, तीही नको. स्वच्छ पिण्याच्या पाण्याने डोळा धुवायला हरकत नाही, तेवढं आजीला करू द्या.

११. पांढरा ठिपका दिसतोय, आता तेच मलम चालू करू का?

नाही. ठिपका दिसला म्हणजे पहिली पायरी संपली, आता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, जिथे बुबुळ खरवडून मायक्रोस्कोपखाली बघायची सोय आहे अशा ठिकाणी. बुरशी निघाली तर बहुतेक नाटामायसिन 5 टक्के थेंब देतात. नवं आणि महाग व्होरिकोनाझोल त्याहून भारी असणार असं वाटायचं, पण अरविंदचे डॉ. प्रज्ञा आणि सहकाऱ्यांनी 323 पेशंटपैकी काहींना एक आणि काहींना दुसरं देऊन बघितलं आणि जुनं नाटामायसिनच सरस निघालं, फ्युझेरियममध्ये तर फारच. हा निकाल 2013 चा. उपचार आठवड्यांचा असतो, दोन दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नका.

१२. चुना, फवारणीचं औषध, लोखंडाचा कण... यालाही हेच मलम?

इथे थांबा, ही सगळी प्रकरणं वेगळी आहेत.

तंबाखूचा चुना, फवारणीचं औषध, बॅटरीचं ॲसिड: यात तास नाही, सेकंद मोजायचे. जिथे असाल तिथे, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने, डोळा बोटांनी उघडा धरून किमान अर्धा तास धुवत राहा, पापणी उलटवून चुन्याचे कण काढा, आणि मग दवाखाना. "आधी दवाखाना, मग धुणं" असं केलं की चुना आत उतरत जातो. लहान पोरं चुन्याची ट्यूब दाबतात आणि ती तोंडावर फुटते, त्यामुळे ती घरात वर ठेवा, हे मी प्रत्येक शिबिरात सांगते.

हातोडा मारताना किंवा ग्राइंडरजवळ उडालेला तुकडा, काटा आत घुसलेला, बुबुळाचा आकार बदललेला, रक्त किंवा काही बाहेर आलेलं दिसतंय: यात काहीच घालायचं नाही, मलमही नाही, धुवायचं नाही, दाबायचं नाही, घुसलेलं काढायचं नाही. कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्याला न लागता भोवतीच्या हाडावर टेकेल असा चिकटवा, म्हणजे डोळ्यावर दाब येत नाही, आणि 108 किंवा मिळेल ती गाडी. ऑपरेशन लागेल म्हणून वाटेत चहासुद्धा देऊ नका.

१३. नंतर नेपाळमध्येच मोठा अभ्यास झाला आणि त्यात फायदा दिसला नाही म्हणे. मग हे सगळं खोटं का?

खोटं नाही, पण हा निकाल लपवणं बरोबर नाही म्हणून मी ट्रेनिंगमध्ये मुद्दाम सांगते. भक्तपूरमध्ये एक उणीव होती, तुलनेला मलम न मिळालेला गट नव्हता. उशिरा आलेल्यांना इन्फेक्शन जास्त झालं, पण उशिरा येणारे लोक जास्त गरीब असतील, मधल्या वेळेत काहीबाही घालून आले असतील, किंवा दुखणं वाढलं म्हणूनच आले असतील, हे वेगळं काढता येत नाही. मदुराईतही दोन्ही गटांना क्लोरॅम्फेनिकॉल मिळालंच होतं. म्हणून नंतर नेपाळात 24 ग्रामविकास समित्यांची गावं घेऊन चिठ्ठ्या टाकून दोन भाग केले. एका भागात महिला आरोग्य स्वयंसेविकांना खरचटलेलं ओळखायला आणि मलम द्यायला शिकवलं, दुसऱ्या भागात नेहमीसारखं चालू ठेवलं. 3 वर्षांनी दोन्हीकडे अल्सरचं प्रमाण जवळपास सारखंच. उपाध्याय आणि श्रीनिवासन दोघेही या अभ्यासात होते, आपल्याच आधीच्या निकालाला इतकी कडक परीक्षा लावायला मन मोठं लागतं.

मी यातून असा अर्थ काढते, की एका माणसाला वेळेत मलम मिळणं आणि अख्ख्या तालुक्यात कार्यक्रम चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वयंसेविकेकडे मलम आहे, पण लागलेला माणूस तिच्यापर्यंत आलाच नाही तर ते मलम डब्यातच राहणार. वर सांगितलेली टोळीतली बाई आठवा. तिच्या पालापासून शंभर पावलांवर मलम असतं तरी त्या दिवशी ती गेली नसती. म्हणून आता मी ट्रेनिंग फक्त आशाताईंचं नाही घेत, मुकादम आणि ट्रॅक्टरवाल्यांना पण बसवते.

१४. मग आशाताईने स्वतःच मलम द्यायचं का?

स्वतःच्या मनाने नाही. आपल्या मेडिकल ऑफिसरशी आधीच बोलून ठरवून घ्या, कुठल्या पेशंटला द्यायचं, कुणाला थेट पाठवायचं, आणि ते लेखी घ्या. मलम दिलं तरी दुसऱ्या दिवशी डोळा परत बघायचाच. दुखणं वाढलं, नजर कमी झाली, ठिपका दिसला तर वाट न बघता पुढे पाठवायचं.

१५. मी पुण्यात आयटीत आहे, कॉन्टॅक्ट लेन्सने खरचटलं. मला पण 18 तास आणि मलम?

नाही, तुमचं गणित वेगळं. लेन्सवर वाढणारे जंतू जास्त आक्रमक असतात, आणि लेन्स घालून पोहणाऱ्यांमध्ये किंवा नळाच्या पाण्याने लेन्स धुणाऱ्यांमध्ये अकँथअमीबा नावाचा चिवट जीव सापडतो. लेन्स काढा, फेकू नका, डबीसकट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

१६. रात्री लागलं, गावात कुणी नाही, सकाळपर्यंत काय करू?

आधी प्रश्न १२ मधलं काही नाही ना ते बघा, असेल तर रात्रीच निघा. नसेल तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा, घट्ट पट्टी बांधू नका कारण पात्याच्या जखमेवर बांधून ठेवलं की आत ऊब धरते आणि जंतूंचं फावतं. उजेड सहन होत नसेल तर नुसता गॉगल लावा. घरात पडलेली जुनी ड्रॉपची बाटली शोधू नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. आणि मोबाईलवर डोळ्याचा एक फोटो काढून ठेवा, कशाने लागलं आणि किती वाजता ते कुणाला तरी मेसेज करून ठेवा, म्हणजे सकाळी डॉक्टरने "कधी लागलं?" विचारलं की "काल परवा" असं मोघम न सांगता बरोबर तास सांगता येतील.